तांबड्या मुठीचा प्रश्न

संकटसमयी धीर सोडू नये, हा उपदेश आपणां सर्वांस लहानपणापासून पाठ असतो. परंतु धीर म्हणजे हाती घेतलेले काम शेवटपर्यंत न सोडणे, की सोडण्याची वेळ ओळखणे, असे कोणी विचारले तर आपण घुटमळतो. आम्हांस हा प्रश्न पडला तो एका अनपेक्षित ठिकाणी, लहान विमानांविषयी वाचीत असता.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील डुलुथ येथे सिरस नावाची लहान विमाने तयार होतात. त्यांच्या छताला, वैमानिकाच्या डोक्यापाशी, एक तांबडी मूठ असते. ती जोराने ओढली की मागील बाजूचा एक अग्निबाण सुटतो आणि एक मोठी हवाई छत्री आपल्याबरोबर खेचून नेतो. मग माणसाला उडी टाकावी लागत नाही. माणसांसकट सारे विमानच छत्रीला लोंबकळत खाली येते. उतरण्याचा वेग मिनिटाला सुमारे १,७०० फूट, म्हणजे बारा-तेरा फुटांवरून पडावे इतका धक्का. विमान बहुधा मोडते. आतली माणसे बहुधा वाचतात.

या सोयीचा आग्रह धरणारे, कंपनीचे एक संस्थापक ॲलन क्लॅपमायर यांच्या विमानाची १९८५ मध्ये आकाशात दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली होती. ते कसेबसे उतरले. दुसरा वैमानिक दगावला. पुढे १९९९ मध्ये त्यांच्याच कंपनीचा एक चाचणी-वैमानिक अपघातात गेला, आणि त्या विमानात छत्री अजून बसवलेली नव्हती. २००२ च्या ऑक्टोबरात मात्र टेक्सासमध्ये, दुरुस्तीनंतर उडालेल्या एका विमानाच्या पंखाचा हलता भाग निखळला, वैमानिकाने मूठ ओढली आणि तो सुखरूप जमिनीवर आला.

येथे गोष्ट संपावयास हवी होती. ती संपली नाही. छत्री आहे, उंची आहे, वेळही आहे, आणि तरीही मूठ न ओढता माणसे मेली, असे अपघात पुढेही घडत राहिले. का? विमान अखेरपर्यंत चालवणे हेच वैमानिकाचे काम, असे त्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेले असते. समोरचे शेत गाठता येईल ही आशा असते. लाखमोलाचे यंत्र आपल्या हातून मोडेल ही हळहळ असते. आणि आमच्या मते सर्वांहून बलवत्तर अशी एक भीती असते: लोक काय म्हणतील? पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी फुग्यांतील टेहळ्यांस छत्र्या दिल्या, विमानांतील वैमानिकांस दिल्या नाहीत. छत्र्यांचे वजन हे एक कारण होते खरे. पण छत्री मिळाली तर गडी विमान लवकर सोडील, ही शंकाही त्यामागे होती असे सांगतात.

२०११ नंतर या विमानांचे शिक्षण बदलण्यात आले, आणि पुढील वर्षांत प्राणघातक अपघातांचे प्रमाण घटले. यंत्र तेच होते. बदलली ती निर्णयाची वेळ. उड्डाणापूर्वी शिकाऊ वैमानिक मोठ्याने म्हणतो: इंजिन बंद पडले तर ५०० किंवा ६०० फुटांखाली सरळ समोर उतरेन, तेथून २,००० फुटांपर्यंत विचार न करता मूठ ओढीन, त्याहून वर असेन तरच दोष शोधीन. देवळात पूजेला बसण्यापूर्वी स्थळ, काळ उच्चारून आपण संकल्प सोडतो, त्याची आम्हांस आठवण झाली. काय करणार हे कृती सुरू होण्यापूर्वी, मन शांत असताना, दुसऱ्याच्या कानावर जाईल असे बोलून ठेवावयाचे.

यावर कोणी म्हणेल, हा विवेकाचाच त्याग झाला. आम्हांस तसे वाटत नाही. पडत्या विमानात जो निवाडा करतो तो विवेक नसतो. आशा आणि अभिमान यांनीच त्याची जागा घेतलेली असते. दुसरा आक्षेप मात्र आम्ही इतक्या सहज बाजूला सारणार नाही. छत्री उघडल्यावर विमान वळवता येत नाही. वारा नेईल तेथे ते उतरते, आणि खाली रस्ता आहे की कुणाचे अंगण, हे त्याला ठाऊक नसते. वळवता येण्याजोगे विमान सोडून देण्याचा अधिकार वैमानिकास कोणी दिला? ताबा सुटलेले विमानही अंगण पाहून पडत नाही, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. म्हणून कोठून उडावे, कोणत्या वस्तीवरून जावे, हेही त्या आधी ठरवावयाच्या गोष्टींतच मोडते.

राहिला गुरूचा भाग. कुणी मूठ ओढून उतरला, आणि नंतर चौकशीत इंजिन पुन्हा सुरू झाले असते असे निघाले, तर विमानशाळेत चहा घेताना त्याच्यावर काय बोलले जाते, हे शिष्य ऐकत असतो. तेथे झालेला एक हशा महिनाभराचे शिक्षण पुसून टाकतो. गुरूने त्या वेळी गप्प बसणेही आम्हांस पुरेसे वाटत नाही. त्याने त्या माणसाला चहाला शेजारी बोलावून बसवावे, आणि दुसऱ्या दिवशी उड्डाणापूर्वी शिष्याने मुठीची पिन काढली, तर तिची उंची त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यावी.