कॅट बलूची गंमत

‘कॅट बलू’ हा १९६५ चा हॉलिवूडचा वेस्टर्न सुरू होतो तेव्हा नायिका कोठडीत असते आणि बाहेर तिच्यासाठी फाशीचा खांब उभा राहत असतो. बॅन्जो घेतलेले दोन गायक, नॅट किंग कोल आणि स्टबी के, समोर येतात आणि तिची कर्मकहाणी गाऊन सांगू लागतात. पुढेही ते मधूनमधून येतच राहतात, कथेत असून कथेबाहेरचे.

नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड-कुही-भिवापूरकडच्या माणसाला ही तऱ्हा परकी वाटू नये. दिवाळीनंतर इकडे गावोगावी मंडई भरते, रात्री खडी गंमत किंवा दंडार होते. डफ-तुणतुण्याच्या साथीला उभा राहून शाहीर गोष्ट सांगतो, मध्येच सोंगाड्या घुसतो, रडवेल्या प्रसंगाची घडी विस्कटतो आणि पुन्हा गोष्ट वाटेला लागते. शेवट आधीच कळला म्हणून तिथे कुणी उठून जात नाही. काय झालं ते ठाऊक असतं, कसं झालं ते बघायला लोक बसतात. ‘कॅट बलू’ची खरी ताकद मला याच बैठकीत दिसते. विनोदी वेस्टर्न म्हणजे वेस्टर्नची टवाळी, असं समजणाऱ्यांच्या हातून तो निसटतो.

कारण त्यातलं दुःख खोटं नाही. शिक्षिका व्हायला निघालेली कॅथरिन, म्हणजेच कॅट बलू, वायोमिंगमध्ये घरी परतते तेव्हा एका बड्या कंपनीचा डोळा तिच्या बापाच्या जमिनीवर असतो. बाप हटत नाही म्हणून भाडोत्री मारेकरी येतो आणि बाप मारला जातो. गाव कंपनीला बिचकून असतं, न्याय मिळत नाही, आणि मग ही सरळमार्गी मुलगी आगगाडी लुटायला निघते. ज्या गावाच्या कडेला कोळशाची उघडी खाण आहे, जिथे शेत गेलं, मोबदला आला, नोकरी मिळाली की नाही, हे बोलणं घराघरात होतं, त्या गावाला हे कथानक समजावून सांगावं लागत नाही.

आता या दुःखात दिग्दर्शक इलियट सिल्व्हरस्टीन काय करतो पाहा. मारेकऱ्याला टक्कर द्यायला कॅथरिन, बाप मारला जाण्याआधीच, पुस्तकांतून गाजलेल्या किड शेलीनला बोलावते. तो येतो तो दारूनं लोळागोळा झालेला. समोरच्या कोठाराच्या भिंतीवर त्याचा नेम बसत नाही. पोटात दारू गेली की बसतो, आणखी गेली की पुन्हा जातो. मग बापाच्या प्रेताभोवती मेणबत्त्या लावलेल्या असताना हा झिंगत येतो, मेणबत्त्या पाहून वाढदिवसाचं गाणं म्हणतो आणि त्या फुंकून टाकतो. हसू फुटतं आणि त्याच क्षणी लाज वाटते. बाप गेला हे तोवर नुसतं कळलेलं असतं. आता ते बोचतं, कारण ज्याच्यावर भिस्त ठेवली त्याला समोर प्रेत आहे हेही दिसत नाही. एखादा धीरगंभीर नायक इथे टोपी काढून उभा राहिला असता, तर आपण दोन मिनिटं हळहळून पुढे गेलो असतो.

ज्या कादंबरीवरून हा चित्रपट निघाला ती रॉय चॅन्सलरची कादंबरी गंभीर होती. तिच्यात विनोद आणल्यामुळे गोष्ट हलकी झाली नाही, उलट शेलीनसारखा माणूस तिच्यात मावू शकला. ली मार्व्हिननं शेलीन केला आणि धातूचं नाक लावलेला मारेकरी स्ट्रॉनही त्यानंच केला. या कामाला त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. विनोदी भूमिकेला हा मान क्वचितच मिळतो, म्हणून त्याचं मोल मला जास्त वाटतं. शेवटाकडे शेलीन दारू टाकून, एकेक कपडा नीट चढवून लढाईला सज्ज होतो. तोवर त्याच्यावर हसलेले आपण तेव्हा श्वास धरून बसतो. स्ट्रॉनला मारून आल्यावर कळतं, तो त्याचा भाऊच होता. हे ओझं चित्रपट एका वाक्यात टाकून पुढे जातो, आणि तेवढं पुरतं.

मराठी रंगभूमीवर त्याच दशकात ‘विच्छा माझी पुरी करा’मधला दादा कोंडक्यांचा हवालदार सत्तेची वस्त्रं अशीच उतरवत होता. तिथेही हसण्याखाली राग होता, आणि लोकांना तो ऐकू येत होता.

एक गोष्ट मात्र खटकते. कॅथरिनच्या साथीदारांत जॅक्सन नावाचा मूळनिवासी तरुण आहे, ते काम टॉम नार्डिनी या इटालियन वंशाच्या नटानं केलं. त्याच्या जमातीवरून चित्रपट विनोद करतो, पण बलूंच्या आधी ती जमीन कुणाची होती, हे एकदाही विचारत नाही. देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, नागपूर वसवलं. त्या मुलखात राहून हा प्रश्न डोळ्याआड करता येत नाही. इकडच्या कुणा शाहिरानं ही गोष्ट उचलली तर त्यानं पहिलं कवन जॅक्सनच्या तोंडी द्यावं, आणि मग बलूच्या कुंपणाकडे वळावं.