गुत्ता गेला, प्रमाद गेला काय?



नागपूरच्या वस्त्यांतून मोहफुलाची हातभट्टी पेटत होती तेव्हा दारू लपत नसे. वास यायचा, भांडण ऐकू यायचे. मिलच्या पगाराच्या दिवशी बाई लेकरू कडेवर घेऊन नवऱ्याला शोधीत भट्टीपर्यंत जायची. 1949 च्या दारूबंदी कायद्याने ती भट्टी विझली नाही. पुढे 1973 च्या नियमांनी देशी दारू परवान्याच्या दुकानात आली.

आज आपला मुलगा शिकला, नोकरीला लागला. गुत्त्यात पाऊल टाकणे त्याला कमीपणाचे वाटते. तो बारमध्ये बसतो, नाहीतर बाटली घरी आणतो. 2020 च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, सरकारने दारू घरपोच देण्याचीही मुभा दिली होती! वर तो म्हणतो, "सर, आम्ही काही पिऊन नालीत पडत नाही."

या युक्तिवादाचा नीट विचार करा. त्याने लाज कशाची धरली? दारूची नव्हे, गुत्त्याची; म्हणजे तिथे बसणाऱ्या गरिबाची. फाटक्या सदऱ्यातला पितो ते व्यसन आणि इस्त्रीच्या सदऱ्यातला पितो ती मित्रांची सोबत, हा भेद आपल्या फार ओळखीचा असायला हवा. कर्म न पाहता माणूस पाहून शुद्ध-अशुद्ध ठरविण्याची रीत 14 ऑक्टोबर 1956 ला आपले लोक दीक्षाभूमीवर टाकून आले ना? त्याच दिवशी बाबासाहेबांनी दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा दिली.

पाचव्या शीलात मद्याला प्रमादस्थान म्हटले आहे. इथे 'स्थान' म्हणजे बसण्याची जागा नव्हे, बेसावधपणाचे कारण. तेव्हा जागा बदलली म्हणून शील पाळले असे होत नाही. एक पेला घेऊन सावध राहणारा कोणी असेलही, मी नाकारीत नाही. पण त्या सावधपणाची साक्ष पिणाऱ्यानेच द्यावी हे कसे चालेल? ती त्याच्या बायकोला विचारा.

वस्तीतल्या बाया आडव्या बाटलीला मत देऊन दुकान बंद पाडू शकतात. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात 2015 ला बंदी आली, 2021 ला उठली. तो वाद वेगळा. पण कपाटातली बाटली कोणत्या मतदानाने आडवी होणार? भट्टीवरून नवऱ्याला ओढून आणणाऱ्या आजीच्या सोबतीला निदान शेजारीण यायची. दार लावलेल्या फ्लॅटमधल्या सुनेने कोणाला हाक मारावी?