खडूच्या रेघा

जळगावहून धुळ्याकडे जाताना पारोळ्याच्या अलीकडे, महामार्गाला लागून एक गॅरेज होतं. पत्र्याची शेड आणि दारात कडुनिंब. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना सगळे आप्पा म्हणत. त्यांच्या हाताखाली दोन पोरं होती.

चाकांचे नट खोलता खोलता आप्पांचा खांदा धरू लागला. त्यांनी पैसा पैसा जोडून नट खोलणारी इम्पॅक्ट गन घ्यायचं ठरवलं. पैसे एकीपुरतेच होते.

थोरला म्हणाला, "आप्पा, वायरची घ्या. स्वस्त पडते आणि दिवसभर एकसारखी चालते."

धाकटा म्हणाला, "बॅटरीची घ्या. वायर पायात येत नाही. गाडी बंद पडेल तिथं नेता येते."

दोघं हट्टाला पेटले. आप्पांनी खडू घेतला आणि भिंतीचे दोन भाग केले. "चाक शेडमध्ये खोललं, तर डावीकडे रेघ ओढा. रस्त्यावर जाऊन खोललं, तर उजवीकडे."

महिना सरला. डावीकडे 74 रेघा झाल्या, उजवीकडे 6. आप्पांनी जळगावहून वायरची गन आणली.

मे महिना आला. पारा 45 अंशांवर गेला. एका रात्री मुकटीजवळ एका कुटुंबाची गाडी पंक्चर होऊन थांबली. आप्पा धाकट्याला घेऊन गेले. तिथं वीज कुठली? पान्याला पाइप लावून, घाम गाळत त्यांनी नट सोडवले.

परतताना धाकटा म्हणाला, "आज बॅटरीची हवी होती, आप्पा."

"हवी होती. पण त्या 6 रेघांना पाना पुरतो रे. 74 रेघांना माझा खांदा पुरत नव्हता. आणि या पत्र्याखालच्या उन्हात बॅटरी लवकर म्हातारी होते."

धाकटा काही बोलला नाही.

काही वर्षांनी तो धुळ्याला गेला. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते तिथं भेटतात. वाटेत अडलेल्या गाड्यांकडे धावून जायचं, हेच त्याचं काम झालं. थोरल्याने निरोप धाडला, "वायरची घे. आप्पांनी तीच घेतली होती."

धाकट्याने आधी खडू घेतला.

महिन्याने उजवी बाजू भरून गेली. त्याने बॅटरीची गन घेतली, सोबत एक जादा बॅटरी.

एकदा आप्पा पाहायला आले. धाकट्याने एक चाक बसवलं आणि शेवटी नट गनने न आवळता टॉर्क पान्याने, कंपनीने सांगितलेल्या मापाने आवळले. आप्पांनी मान डोलावली. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. पुसट झालेल्या रेघांवरून त्यांनी हात फिरवला.

आप्पांची गन धाकट्याच्या उपयोगाची नव्हती, त्यांचा खडू मात्र होता. चांगलं हत्यार कोणतं, हे दुकानदारही सांगतो. आपल्याला कोणतं लागतं, हे आपल्या कामालाच विचारावं लागतं.