दोन पावलं मागे

गुडघे बोलायला लागले तेव्हा आबांनी ताडोब्याच्या मोहर्ली गेटवरची गाइडगिरी सोडली आणि ते चेन्नईत वेलचेरीला लेकाकडे आले. गॅलरीतून पळ्ळिकरणैची दलदल दिसायची. तिच्या एका अंगाला पेरुंगुडीचा कचरा डेपो आणि दुसरीकडे पाण्यात उभे रोहित पक्षी.

रविवारी सोसायटीची बैठक भरली. २०२२ साली दलदलीला पाणथळ जागांसाठीचा रामसर दर्जा मिळाला, आता बोटी हव्यात, पाण्यात शिरणारा पूल हवा, खाऊच्या गाड्या हव्यात, असं काहींचं म्हणणं होतं. काहींना डासांचीच काळजी. कोणीतरी म्हणालं, "आबा, तुम्ही ताडोब्याचे. पर्यटनानं गावाचं भलंच झालं ना?"

"झालं तर! माह्या पोराची फी जिप्शीनंच भरली," आबा म्हणाले. मग थांबले. "पण एका उन्हाळ्यात वाघीण पिलं घेऊन पाणवठ्यावर येत होती. बक्षिसीच्या आशेनं म्याच ड्रायव्हरले म्हटलं, घे आणखी पुढं. मागून सात गाड्या आल्या. ती तशीच तहानलेली परतली. मले ते अजून दिसते."

सगळे गप्प झाले. आबांनी दाराशी उभ्या वॉचमनकडे बोट केलं. "याले इचारा. हा इथलाच आहे."

वॉचमन जन्मापासून पळ्ळिकरणैचा. लेकानं तमिळमध्ये प्रश्न विचारला. तो काही बोलला नाही, पार्किंगच्या खांबाशी गेला आणि छातीच्या उंचीवर तळवा टेकवला. रंगाखाली मळकट रेघ अजून होती, डिसेंबर २०१५च्या पुराची. "तण्णी," तो म्हणाला. पाणी. दक्षिण चेन्नईतल्या कितीतरी तलावांचं पाणी या दलदलीत येतं आणि ओक्कियम मडुवूतून समुद्राकडे जातं. अशा जागेला सरकारदरबारी पडीक म्हणून नोंदवलं गेलं आणि तिच्यावर इमारती चढल्या; पाण्याला जायला जागाच उरली नाही. आपली सोसायटीही त्यातलीच, हे त्या बैठकीत पहिल्यांदाच कोणीतरी मोठ्यानं बोललं. पुलाचा विषय त्या दिवशी पुढे सरकला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आबा नातवाला घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. ड्युटी संपवून वॉचमनही आला. चिखलात चोच बुडवलेल्या एका रोहितानं मान वर केली.

"आबा, अजून जवळ जाऊ या?"

आबा काही बोलले नाहीत. दोन पावलं मागे सरले. नातूही सरला. पक्ष्यानं क्षणभर पाहिलं आणि चोच पुन्हा पाण्यात घातली.