हाताची अमानत

१८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांना उमगले की, शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येणारे वैद्यांचे हातच मृत्यू वाहून आणतात. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे होताच एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले मृत्यू जूनमध्ये सुमारे २ वर आले. तरीही अनेक वैद्य मानेनात; आपलाच हात दोषी आहे, हे अहंकाराला पचले नाही.

आज ज्ञान आहे, साबणही आहे. पण घाईत हात न धुताच राहतात. बेशुद्ध रुग्ण जाब विचारू शकत नाही, म्हणून त्याचा हक्क संपतो काय? कोणी पाहत नसतानाच अमानतीची कसोटी लागते. रुग्णसेवेतील बंधुभगिनींनो, नमाजपूर्वी काळजीने वुजू करणारे हात रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वीही तितकेच दक्ष असोत. अल्लाहचा हक्क अदा करताना बंद्यांचा हक्क विसरू नये.