निरंक आणि कोरे

सरकारी दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांस 'निरंक' या शब्दाचे मोल निराळे सांगावयास नको. तालुक्याहून आलेल्या विवरणपत्रावर 'निरंक' असे लिहिलेले असणे आणि विवरणपत्र मुळी न येणे, या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात कोणीतरी पाहिले आहे आणि त्याला काही आढळलेले नाही. दुसऱ्यात कोणी पाहिले की नाही हेच कळावयास मार्ग नाही. हा भेद कोणास केवळ कारकुनी वाटेल. परंतु रोग्याच्या छातीवर चिकटविलेल्या किंवा मनगटावर बांधलेल्या चिमुकल्या यंत्राच्या बाबतीत तो जीवनमरणाचा होऊ शकतो.

अमेरिकेतील माँटाना संस्थानात, हेलेना या गावी, नॉर्मन होल्टर नावाच्या पदार्थवैज्ञानिकाने हिंडत्याफिरत्या माणसाचा कार्डिओग्राम घेण्याचे मनावर घेतले, तेव्हा १९४७ च्या सुमारास त्याने केलेले यंत्र पाठीवर वाहावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. १९६१ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्याने आपली पद्धत विस्ताराने मांडली, तोवर ते ओझे पुष्कळ उतरले होते. आज त्वचेखाली बसवावयाचे यंत्र अडीच ग्रॅमांचे असते आणि तीन वर्षे वा त्याहून अधिक काळ काम करते. ओझे गेले, पण त्याच्याबरोबर विजेचा साठाही गेला. आणि येथूनच खरी अडचण सुरू होते.

थोडे गणित करून पाहावे. हृदयाच्या एका मार्गिकेचा आलेख सेकंदाला २५० नमुने घेऊन टिपावयाचा म्हटला, तर एका अहोरात्रात दोन कोटी सोळा लाख नमुने होतात. घड्याळात घालतो तसला नाण्याएवढा घट सुमारे २२० मिलिअँपिअर-तास वीज देतो. यंत्राने सरासरी एक मिलिअँपिअर प्रवाह ओढला तर तो घट नऊ दिवसांत संपतो. त्याचा दशांश ओढला तर तीन महिने पुरतो. नमुना घेण्यास वीज थोडी लागते. तो बिनतारी धाडण्यास पुष्कळ लागते. मनगटावरील यंत्रात नाडी पाहण्यासाठी हिरवा दिवा लागतो, आणि तो दिवाच घट खातो. तेव्हा यंत्र रचणाऱ्यापुढे मार्ग मोजकेच उरतात: नमुने विरळ घ्यावे, दिवा मंद ठेवावा, मधूनमधूनच पाहावे, सगळे न धाडता निवडक धाडावे. प्रत्येक मार्ग म्हणजे काय न पाहावे याविषयी आधीच घेतलेला एक निर्णय आहे. तो रोग्याच्या गैरहजेरीत होतो आणि तंत्रविषयक तपशील म्हणून कागदपत्रांत मुरून जातो.

या काटकसरीत एक गोष्ट विशेष फसवी आहे. निदानासाठी घेतलेल्या कार्डिओग्रामात सेकंदाला ०.०५ पासून १५० आवर्तनांपर्यंतचे चढउतार राखावे लागतात. नुसत्या देखरेखीसाठी बहुधा ०.५ पासून ४० पर्यंतचेच राखतात. वरची मर्यादा खाली आणली की कमी नमुन्यांवर भागते आणि वीज वाचते. खालची मर्यादा वर उचलली की श्वासाने व हालचालीने डुलणारी रेघ स्थिर होते. आलेख कसा सुबक दिसू लागतो! पण त्या गाळणीत एखादी बारीक खाच बोथट होते. आणि ज्या भागावरून हृदयाच्या स्नायूस रक्त कमी पडत आहे हे वैद्य ओळखतो, तोच भाग खालीवर सरकू शकतो. स्वच्छ दिसणारी रेघ येथे कमी खरी असते. हाताखालच्या माणसाकडून आलेला, एकही खाडाखोड नसलेला अहवाल पाहून जो अधिकारी अधिक सावध होतो, त्यास हे समजावून सांगावे लागणार नाही.

तथापि वीज वाचविणे म्हणजे रोग्याशी प्रतारणा करणे, असे मी म्हणत नाही. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धातील सैनिकापेक्षा जड ओझे वाहावयास लावणारे, दर रात्री भारित करावे लागणारे यंत्र चार दिवसांनी कपाटात जाते. आणि कपाटातील यंत्राचा संकेत कितीही शुद्ध असला तरी काय उपयोग? दीर्घकाळ पाहण्याचे महत्त्वही सिद्ध झालेले आहे. कारण न कळलेला पक्षाघात ज्यांस झाला होता, अशा रुग्णांवरील एका अभ्यासात (१९१४ नव्हे, २०१४ साली तो प्रसिद्ध झाला) त्वचेखालील यंत्राने सहा महिन्यांत शंभरातील सुमारे नऊ जणांच्या हृदयाची अनियमितता पकडली. नेहमीच्या तपासण्यांनी दीड जणाचीही पकडली नाही. उलट डेन्मार्कमध्ये सहा हजार वृद्धांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यंत्राने अनियमितता जवळजवळ तिपटीने अधिक शोधली, पण पक्षाघातांची संख्या म्हणावी इतकी घटल्याचे दिसले नाही. अधिक पाहिले म्हणजे अधिक भले झाले, असा हिशेब जमत नाही. पंधरवड्यातून एकदा क्षणभर घेरी येणाऱ्या बाईस दीर्घकाळ जागे राहणारे, भले थोडे मंददृष्टी, यंत्र हवे. जिना चढताना छातीत दुखणाऱ्यास थोडाच वेळ पण निर्मळ पाहणारे हवे. ही निवड वैद्याने माणूस पाहून करावयाची आहे, कारखान्याने सर्वांसाठी एकदाच करून टाकावयाची नाही. शिवाय 'सर्वांसाठी' म्हणजे तरी कोणासाठी? सावळी त्वचा हिरवा प्रकाश अधिक शोषून घेते. तेथे दिवा प्रखर करावा लागतो, नाहीतर संकेत क्षीण होतो. घट आठ दिवस चालेल हे वचन कोणाच्या मनगटावर मोजून दिले, हे विचारण्याचा अधिकार आपल्या देशातील गिऱ्हाइकास निश्चितच आहे.

माझा आक्षेप काटकसरीवर नाही, तिच्या मुकेपणावर आहे. दिल्लीच्या सरकारी वसाहतींत रात्रीचा चौकीदार काठी आपटीत फिरतो. झोपमोड होते म्हणून आपण त्रासतो. पण त्या ठोक्यावरूनच तो जागा आहे हे कळते. ठोका थांबला तर चोर आले असे नव्हे, पण पहारा नाही एवढे तरी समजते. पुष्कळशी यंत्रे नेमका हा ठोका देत नाहीत. मनगट हलले, पट्टा सैल झाला, घट वाचविण्यासाठी यंत्र काही काळ निजले, म्हणजे तेवढा भाग कोरा राहतो. आणि पडद्यावर मात्र आधीच्या व नंतरच्या बिंदूंना जोडणारी एक अखंड रेघ काढलेली असते. कोरे होते ते निरंक म्हणून सादर होते. हे असत्य कोणी उच्चारलेले नसते, म्हणूनच त्याची जबाबदारीही कोणाकडे जात नाही.

आपल्यासारख्या परमुलखात नोकरी करणाऱ्यांस याची झळ अधिक लागते. आईवडील सातारला किंवा वर्ध्याला, आपण कलकत्त्यास किंवा गुवाहाटीस. आईच्या मनगटावरच्या यंत्राचा हिरवा ठिपका मुलाच्या फोनवर दिसतो आणि तो निर्धास्तपणे कामास लागतो. ते यंत्र आईच्या प्रकृतीसाठी घेतले की मुलाच्या मनःशांतीसाठी, हा प्रश्न जरा कठोर आहे, पण अप्रस्तुत नाही. कारण मनःशांतीसाठी घेतलेल्या यंत्राचा कोरेपणा लपविलेलाच बरा वाटतो. प्रकृतीसाठी घेतलेल्या यंत्रात तो ठळकपणे दिसावा लागतो. तासभर काही पाहिलेले नाही, असे यंत्राने सांगितले तर मुलगा फार तर शेजारच्या काकूंना फोन करील. न सांगितले तर तेही करणार नाही.

आणि घट अगदी संपत आला म्हणजे? उरलेल्या विजेत टिपणे चालू ठेवून धाडणे थांबवावे, की टिपणे विरळ करून धाडणे राखावे? पहिल्याने वैद्यास मागाहून उपयोगी पडेल असा पुरावा राहतो, दुसऱ्याने या क्षणी मदत येण्याचा संभव राहतो. हा निर्णय प्रत्येक यंत्रात कोणीतरी आधीच घेऊन ठेवलेला आहे. खरेदीच्या वेळी दुकानदारास तो विचारून पाहावा. बहुधा तो घट किती दिवस चालतो तेवढेच सांगेल.