युद्ध संपल्यावरचा रथ

महाभारताच्या शल्यपर्वात एक विलक्षण प्रसंग आहे. दुर्योधन पडल्यानंतर पांडव कौरवांच्या ओस शिबिराशी येतात. श्रीकृष्ण अर्जुनाला गांडीव आणि भाते घेऊन आधी खाली उतरण्यास सांगतो. अर्जुन उतरतो, त्यामागून कृष्णही लगाम सोडून उतरतो. ध्वजावरचा कपी अंतर्धान पावतो आणि पाहता पाहता तो महारथ घोड्यांसह, जू-जोतांसह पेट घेऊन भस्म होतो. द्रोण आणि कर्ण यांच्या अस्त्रांनी हा रथ केव्हाच दग्ध झाला होता, आपण वर बसलो होतो म्हणून तो तगला, असा खुलासा कृष्णच मग करतो. युद्धाच्या वाहनाचे युद्धानंतर काय करावयाचे, हा प्रश्न महाकाव्याने असा एका क्षणात निकालात काढला. कार्य संपले, रथ संपला. पुढे कोणाच्या अंगणात तो उभा राहिला नाही, कोणी त्याच्या आसाला वंगण घातले नाही, कोणी तो आपल्या मुलांना दाखविला नाही.

विसाव्या शतकातील युद्धांना ही सोय उरली नाही. यंत्रयुगाने वाहने लाखांनी घडविली आणि त्यांतली पुष्कळशी युद्धाहून दीर्घायुषी ठरली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक जीप बाहेर पडल्या. तिन्ही आसांना इंजिनाची शक्ती पोहोचविणारे आणि अडीच टन भार वाहणारे जनरल मोटर्सचे ट्रक पाच लाखांच्या वर तयार झाले. १९४५ साली तोफा थांबल्या तेव्हा ही प्रचंड फौज एकाएकी निरुद्योगी झाली. काही वाहने भंगारात गेली, काही शेतांत आणि जंगलांत राबू लागली. फिलिपीन्समध्ये मागे राहिलेल्या जीपांचा सांगाडा लांबवून, त्यांवर बाके आणि रंगीत छपरे चढवून लोकांनी ‘जीपनी’ नावाचे प्रवासी वाहन घडविले. भारतातही पुढे या कथेचा एक देशी अध्याय लिहिला गेला. जबलपूर येथे १९५९ पासून जर्मन परवान्याने बांधलेला ‘शक्तिमान’ ट्रक आणि त्यानंतर जपानी आराखड्यावर आधारलेली ‘जोंगा’ ही वाहने सैन्याने अनेक दशके वापरली. त्यांचे उत्पादन १९९० च्या दशकात थांबले. सेवेतून काढलेल्या गाड्या लिलावात निघाल्या आणि नागरी हातांत आल्या.

या हातांपैकी बहुतेकांना गरजेपुरती गाडी हवी होती. परंतु काहींना गरज नव्हती. त्यांना ती गाडीच हवी होती. अमेरिकेत १९७६ साली अशा संग्राहकांची संघटना स्थापन झाली, आणि जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर आजही जुन्या जीपांची रांग लागते. भारतातही जोंगा विकत घेऊन वर्षानुवर्षे तिची निगा राखणारे लोक आहेत. गंजलेला पत्रा कापून नवा जोडणे, सहा व्होल्टची जुनी विद्युतरचना पुन्हा उभी करणे, बाजारातून केव्हाच नाहीसे झालेले बेअरिंग वा गॅस्केट भंगारवाल्याच्या ढिगातून हुडकणे, यात त्यांच्या सुट्ट्या आणि बचत खर्ची पडते. या छंदाकडे कुतूहलाने पाहता येते. पण त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्या वस्तूचा जन्मच संहाराच्या व्यवस्थेत झाला, तिच्यावर प्रेम करणे कितपत निर्दोष आहे?

यावर संग्राहकांकडून सर्वप्रथम मिळणारे उत्तर असे, की ट्रक मारत नाही, तो वाहून नेतो. तोफ आणि ट्रक यांत भेद केला पाहिजे. ट्रकाने भाकरी नेली, जखमी आणले, टपाल पोहोचविले. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. १९४४ साली नॉर्मंडीच्या लढाईनंतर दोस्तांच्या फौजा इतक्या वेगाने पुढे गेल्या, की त्यांची रसद मागे पडली. फ्रान्समधील लोहमार्ग तर बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झालेले होते. तेव्हा २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर या काळात ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ या नावाने ट्रकांची अखंड साखळी चालविली गेली आणि तिने चार लाख टनांहून अधिक माल आघाडीकडे नेला. त्या मालात अन्न होते, तसेच पेट्रोल आणि दारूगोळाही होता. रणगाडा ज्या इंधनावर चालला ते ट्रकाने आणले. मग रणगाडा दोषी आणि ट्रक निर्दोष, ही विभागणी टिकत नाही. जीपची कथाही वेगळी नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण विभागात अब्दुल हमीद यांनी शत्रूच्या पॅटन रणगाड्यांचा वेध घेतला तो जीपवर बसविलेल्या रिकॉइललेस तोफेने. त्याच झुंजीत ते धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी ठरले. त्या घटकेला जीप हे वाहन होते की शस्त्र, असे विचारणे व्यर्थ आहे. ती दोन्ही होती.

म्हणून निर्दोषत्वाचा दावा सोडून द्यावा लागतो. परंतु तो सोडला म्हणजे लगेच दोषाचा आरोप सिद्ध होतो, असेही नाही. लोखंडाला हेतू नसतो. जो ट्रक दारूगोळा नेत होता तोच नाझी राजवटीच्या अंताकडे चाललेल्या सैन्याचे पोट भरत होता. एकाच वस्तूत संहार आणि मुक्ती, भय आणि आधार यांची सरमिसळ झालेली असते, आणि ती निवडून वेगळी करता येत नाही. वस्तूच्या पाप-पुण्याचा हिशेब मांडत बसण्यापेक्षा, तिच्या धन्यावर कोणते ऋण येते हे पाहणे अधिक फलदायी आहे. वारसाने मिळालेले ऋण टाळता येत नाही. येथे तर संग्राहकाने ते स्वेच्छेने, लिलावात बोली लावून घेतलेले असते.

हे ऋण फेडण्याचा सर्वांत स्वाभाविक मार्ग म्हणजे गाडी पूर्ववत करणे, असे बहुतेकांना वाटते. येथेच छंदाच्या गाभ्यातील विसंगती उघडी पडते. ‘पूर्ववत’ म्हणजे कोणत्या दिवसासारखी? उत्कृष्ट जीर्णोद्धाराचा नमुना म्हणून जी गाडी नावाजली जाते ती बहुधा कारखान्यातून बाहेर पडलेल्या दिवसासारखी असते. रंग एकसारखा, पत्रा सरळ, ताडपत्री कोरी. पण त्या दिवशी तिने युद्ध पाहिलेले नव्हते. पोचा, वेल्डिंगचे ओबडधोबड टाके, कोणा शिपायाने घाईने बसविलेली खिळपट्टी, एका तुकडीच्या क्रमांकावर दुसऱ्या तुकडीने मारलेला रंग, हेच तिचे चरित्र होते. आणि तेच पॉलिशपेपरखाली पहिल्यांदा नाहीसे होते. इतिहासावरच्या प्रेमापोटी सुरू झालेले काम इतिहासाच्या आदल्या दिवसापाशी जाऊन थांबते.

सर्वच संग्राहक या विसंगतीला बळी पडतात असे नाही. जीपच्या बॉनेटवरचे थर अतिशय हलक्या हाताने, एकेक करून उतरविणारे लोक आहेत. हिरव्याखाली दुसरा हिरवा, त्याखाली पांढऱ्या अंकांची पुसट कड दिसू लागते आणि गाडीचा खरा लष्करी क्रमांक सापडतो. हे काम पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननासारखे आहे. याउलट, मूळ क्रमांक शोधण्याचे कष्ट न घेता एखाद्या विख्यात तुकडीची चिन्हे रंगविणारेही आढळतात. जी गाडी कदाचित एखाद्या डेपोत पिंपे वाहत राहिली, ती अशा रीतीने वीरांची गाडी होते. यात डेपोतल्या कष्टांचा अपमान आहे, कारण त्यांची आठवण राखण्याजोगी नाही असे त्या रंगाने न बोलता ठरविलेले असते.

आपल्याकडील बौद्ध परंपरेने या प्रश्नाच्या एका अंगाचा फार पूर्वी विचार केला आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमके काय? आस म्हणजे रथ काय? चाके? दांडी? एकेक अवयव नाकारीत शेवटी निष्पन्न होते ते असे, की ‘रथ’ हे अवयवांच्या आश्रयाने व्यवहारासाठी ठेवलेले नाव आहे. जुन्या जीपच्या धन्याला हा सिद्धांत कार्यशाळेतच उमगतो. सांगाडा एका गाडीचा, इंजिन दुसरीचे, बॉनेट तिसरीचे, तळाचा पत्रा तर गेल्या वर्षी कापून बसविलेला. मग १९४३ ची जीप म्हणावयाची ती कोणती? नागसेनाच्या युक्तिवादातून कोणी असा सोयीचा अर्थ काढील, की नावाला आधार नाही तेव्हा कोणतेही नाव द्यावे. खरा निष्कर्ष उलट आहे. नाव हा व्यवहार असेल, तर त्यात व्यवहाराची सचोटी हवी. कोणता भाग मूळचा, कोणता बदललेला, हे जो सांगतो त्याची गाडी अर्धी नवी असूनही खरी असते.

या सचोटीचा कस लागतो तो एका देशी उदाहरणात. जोंगाचे मूळ पेट्रोल इंजिन सहा सिलिंडरांचे, जवळजवळ चार लिटरचे. त्याची भूक सामान्य माणसाला परवडत नाही. म्हणून अनेकांनी तेथे डिझेल इंजिन बसविले. शुद्धतावाद्यांना हा भ्रष्टाचार वाटतो. पण सैन्यातही वाहन चालते ठेवण्याला महत्त्व होते, त्याचे सोवळे राखण्याला नव्हे. रणभूमीवर जे हाताशी लागले त्याने दुरुस्ती होई. डिझेलवर चालणारी आणि तसे उघडपणे सांगणारी जोंगा, काचेसारख्या चकचकीत पण खोटा क्रमांक मिरविणाऱ्या गाडीपेक्षा आपल्या पूर्वायुष्याशी अधिक एकनिष्ठ म्हटली पाहिजे.

कायद्यानेही या प्रश्नाला आपल्या पद्धतीने स्पर्श केला आहे. भारतात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार संरक्षण खात्याव्यतिरिक्त कोणाच्याही वाहनाला ऑलिव्ह हिरवा रंग देता येत नाही. म्हणजे जबलपूरची गाडी नागरी मालकाकडे आली, की तिला आपला जन्माचा रंग टाकावा लागतो. संग्राहकाला हे जाचक वाटणे स्वाभाविक आहे. तरीही या नियमामागे एक खोल जाणीव आहे: हा रंग म्हणजे पत्र्याचे शोभादायक आवरण नाही, तो एक अधिकार आहे आणि एक धोकाही आहे. जो त्या धोक्यात उभा नाही त्याने तो अधिकार पांघरू नये. जर्मनीत नाझी चिन्हांच्या सार्वजनिक प्रदर्शनावर फौजदारी कायद्याने बंदी आहे. शिक्षण, संशोधन, कला यांसारख्या प्रयोजनांना तेवढा अपवाद आहे. दोन्ही कायद्यांचे हेतू भिन्न आहेत. परंतु रंग आणि चिन्हे निर्जीव नसतात, एवढे दोन्ही मान्य करतात.

मग जतन करावयाचे ते काय? त्याचे उत्तर पत्र्यापेक्षा माणसांकडे बोट दाखविते. रेड बॉल एक्स्प्रेसचे सुमारे तीन चतुर्थांश चालक कृष्णवर्णीय अमेरिकन होते. वंशविद्वेषी राजवटीविरुद्ध लढणाऱ्या सैन्यात त्यांना मात्र वर्णभेदामुळे वेगळ्या तुकड्यांत ठेवले जाई. तो भेद संपविण्याचा आदेश निघाला १९४८ साली. आसामातील लेडोपासून ब्रह्मदेशातून चीनकडे जाणारा मार्ग डोंगर फोडून बांधला गेला, तोही बव्हंशी कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकांच्या आणि हजारो स्थानिक मजुरांच्या श्रमाने. पहिला ताफा १२ जानेवारी १९४५ रोजी लेडोहून निघाला आणि ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोहोचला. त्या मार्गापायी अकराशेच्या आसपास अमेरिकनांनी प्राण गमावले; चिखलात आणि हिवतापात गेलेल्या मजुरांची नावे कोणत्याही बॉनेटवर रंगविली जात नाहीत. त्या काळातला ट्रक ज्याच्या दारी उभा आहे, त्याच्याकडे कार्ब्युरेटर कसा जुळवावा याचे ज्ञान असेल आणि त्या आसनावर कोण बसत होते याचे नसेल, तर त्याने वाहनाचा अर्धाच भाग जपला आहे.

तथापि या छंदाची थोरवीही मान्य केली पाहिजे. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे १९९४ पासून असलेल्या रणगाडा संग्रहालयात जुने रणगाडे शांतपणे उभे आहेत; तेथे इतिहास दिसतो. चालू ट्रकात तो ऐकू येतो. दुहेरी क्लच दाबून गिअर बदलताना दुखणारा पाय, पाठीला बसणारे धक्के, तासाभरात कानठळ्या बसविणारी घरघर, यांतून युद्धाचे वैभव झडून जाते आणि त्याची मजुरी तेवढी उरते. खंडेनवमीला मराठी घरांत शस्त्रांबरोबर कोयता, हातोडा, यंत्रेही पुजली जातात. त्या पूजेचा अर्थ साधनापुढे नम्र होणे असा घेतला, तर एखाद्या रविवारी हात काळे करून व्हील बेअरिंगला ग्रीस भरणे तिच्याहून फारसे दूर नाही. जे टिकवावयाचे त्याची रोज काळजी घ्यावी लागते, हे हा माणूस बोटांनी शिकलेला असतो.

पण काळजी घेणाराही एके दिवशी जातो. कॅलिफोर्नियातील जॅक्स लिटलफील्ड यांनी दोनशेहून अधिक लष्करी वाहनांचा संग्रह केला होता आणि पोलंडमधील एका नदीतून काढलेला जर्मन पँथर रणगाडा अपार कष्टांनी उभा केला होता. २००९ साली त्यांचे निधन झाले. पुढे संग्रह एका प्रतिष्ठानाकडे गेला आणि २०१४ मध्ये त्यातील बहुतांश वाहने लिलावात विकली गेली. प्रत्येक संग्रहाची हीच नियती आहे. गाडी नव्या धन्याकडे जाईल, तेव्हा किल्लीबरोबर एक वहीही गेली पाहिजे: काय मूळचे, काय बदलले, कोणता क्रमांक कोणत्या थराखाली सापडला, ती कोणी चालविली असावी आणि कोणत्या रस्त्यावर. इंजिन पुढच्या पिढीत कोणीही दुरुस्त करील. वही मात्र जो आज गाडी राखतो आहे त्यालाच लिहावी लागेल.